घरातल्या गोष्टी लिहून ठेवाव्यात

मुलामुलींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी नुसत्या ऐकू नयेत, लिहूनही ठेवाव्यात असे माझे मत आहे. का ते सांगते.

आमची आजी शाळेत गेली नाही, पण तिला पुष्कळ गोष्टी येतात. उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपतो. तेव्हा ती उत्तरेकडं बोट दाखवून म्हणते, "ती बघ म्हातारीची बाज." चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागच्या तीन म्हणजे तीन चोर. चोर बाज न्यायला आलेत, पण अजून त्यांना ती नेता आली नाही! पुस्तकात याच सात चांदण्यांना सप्तर्षी म्हणतात. दोन्ही नावे खरी आहेत. पण चोरांची गोष्ट माहीत असली की सप्तर्षी पटकन सापडतात.

पावसाच्या आधी पावशा ओरडतो. आजी म्हणते, "तो सांगतोय, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा." आता मलाही तसंच ऐकू येतं.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा आजी माझ्याएवढी, दहा वर्षांची होती. ती आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. खायला मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी होती. कामावर सुकडी मिळायची. आजी ती धाकट्या भावासाठी ओच्यात बांधून आणायची. एकदा वाटेतच मुंग्या लागल्या आणि ती नाचत नाचत घरी आली. हे सांगताना आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते.

आमचे काका म्हणतात, "जुनं दुःख कशाला उगाळायचं?" मला ते पटत नाही. दुःख असतं तर आजी हसली असती का? शिवाय आपण वनभोजनाला जातो तो पाझर तलाव त्याच दुष्काळी कामात झाला. तिथले बगळे बघताना मला तिच्या हातांची आठवण येते.

काही मुलं म्हणतात, मोबाईलवर खूप गोष्टी असतात. असतात, आणि त्या चांगल्याही असतात. पण त्यात आपल्या तलावाची गोष्ट नसते.

आमच्या शेजारच्या शेताला 'रडकी पट्टी' म्हणतात. का म्हणतात ते फक्त शेजारच्या आजोबांना ठाऊक होतं. ते श्रावणात वारले. त्यांच्या मुलालाही ते माहीत नाही. आता कुणाला विचारायचं?

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्या घरात, शेतात काम करता करता गाणी म्हणायच्या. घरच्यांनी त्यातली काही लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि १९५२ साली त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी यांनी ती छापून आणली. घरात कुणी लिहिलीच नसती तर आपल्याला ती कुठून मिळाली असती?

म्हणून मला वाटते, प्रत्येकाने एक वही करावी. आठवड्याला एक गोष्ट लिहावी. सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. 'ओचा' म्हटलं तर 'ओचा'च लिहावं. गोष्ट लिहून झाली की त्यांना वाचून दाखवावी. आपलं बोलणं वहीत आलेलं ऐकून आजी लाजते आणि लगेच दुसरी गोष्ट सांगते!

पुढच्या महिन्यात या भिंतीवर आपण सगळ्यांच्या आजी-आजोबांच्या गोष्टी लावूया. कुणाला 'रडकी पट्टी'ची गोष्ट कळली तर ती आधी लावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी