रिबलहेडचा पूल आणि तोट्याचा हिशेब

उत्तर इंग्लंडमध्ये रिबल नदीच्या उगमाजवळच्या ओसाड, दलदलीच्या खोऱ्यावर २४ दगडी कमानींचा एक रेल्वेपूल उभा आहे. लांबी सुमारे ४०० मीटर, उंची ३२ मीटर. रिबलहेडच्या या पुलाची हकीकत आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावी अशी आहे.

१८७० ते १८७५ या काळात मिडलँड रेल्वे कंपनीने तो बांधला. वस्तुतः सेटल-कार्लाइल हा सबंध मार्गच कंपनीला मध्येच नकोसा झाला होता. पण संसदेने तिला माघार घेऊ दिली नाही. माळावरच्या लाकडी झोपड्यांतून दोन हजारांवर माणसे, बायकापोरांसह, राहत होती. त्या वस्त्यांना क्रिमियन युद्धातील सेबॅस्टोपोल, इन्करमन अशी नावे होती, आणि ती सार्थच म्हणायची! पुलाच्या कामावर सुमारे १०० मजूर दगावल्याचे मानले जाते. देवीच्या साथीने आणखी बळी घेतले. जवळच्या चॅपल-ल-डेल येथील दफनभूमी वाढवावी लागली. तेथील चर्चमध्ये अपघातात मेलेल्यांच्या स्मरणार्थ एक शिळा आहे. तिचा खर्च कंपनी आणि मृतांचे सोबती यांनी मिळून केला. देवीने मेलेल्यांचा तिच्यावर उल्लेख नाही.

१९४८ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. मालकी जनतेची झाली, असे आपण मानतो. पुढे काय घडले? १९७० साली या मार्गावरील बहुतेक लहान स्थानके बंद करण्यात आली. १९८२ साली लांब पल्ल्याच्या गाड्या दुसरीकडे वळवण्यात आल्या. अशा रीतीने उतारू घालवून झाल्यावर १९८३ साली ब्रिटिश रेल्वेने जाहीर केले की मार्ग परवडत नाही, पूल जीर्ण झाला आहे आणि दुरुस्तीला लक्षावधी पौंड लागतील. आधी उपाशी ठेवायचे आणि मग अशक्तपणाचा दाखला द्यायचा, ही रीत खासगी मालकांचीच आहे असे समजण्याचे कारण नाही.

लोक मात्र गप्प बसले नाहीत. वीस हजारांवर हरकती दाखल झाल्या. त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. त्याचेही तिकीट काढले जाई, म्हणून तोही उतारू ठरला! १९८६ साली आठ स्थानके पुन्हा उघडली, गर्दी वाढली, आणि प्रत्यक्ष चाचणीत दुरुस्तीचा खर्च अंदाजाहून खूपच कमी निघाला. एप्रिल १९८९ मध्ये सरकारने मार्ग बंद करण्यास संमती नाकारली. हे सरकार थॅचरबाईंचे होते, सार्वजनिक उद्योग विकायला काढणारे. राष्ट्रीयीकृत रेल्वेच्या हातून लोकांची रेल्वे वाचवण्यासाठी लोकांना या सरकारच्या दारी जावे लागले, ही गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. मालकी सरकारी झाली, पण हिशेबाची वही ना कामगाराने पाहिली ना उतारूने.

आज त्या पुलावरून उतारूंच्या आणि मालाच्याही गाड्या धावतात. १९८५ साली उखडलेला दुसरा रूळमार्ग मात्र परत आलेला नाही.