जुन्या मोटारीचा बाजार आणि अज्ञानाची किंमत

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी ओळखले जाणारे गाव. कोसा घेणारे जाणते गिऱ्हाईक कापडाचा एक धागा जाळून पाहते. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर रेशीम खरे; धागा वितळून त्याची कठीण गोळी झाली, तर तो कृत्रिम. ही पारख ज्याला साधत नाही त्याच्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली 'सिल्क मार्क' ही शुद्धतेची खूण आली. मालाचा गुण डोळ्यांना दिसत नसेल, तर बाजाराला एकतर पारखी गिऱ्हाईक लागते किंवा विश्वासार्ह खूण लागते. हे दोन्ही नसले म्हणजे काय होते, ते पाहायचे असेल तर जुन्या मोटारींच्या, त्यातही वापरलेल्या स्पोर्ट्स कारच्या बाजाराकडे पाहावे.

एकेकाळी असा शौक संस्थानिकांचा आणि गिरणीमालकांचा मानला जाई. आज पुण्या-मुंबईत वापरून झालेल्या वेगवान गाड्यांची छायाचित्रे खेड्यातील तरुणाच्या भ्रमणध्वनीवर येतात, आणि नव्या साध्या मोटारीच्या किमतीत दिमाखदार गाडी दारात येण्याचा मोह त्याला पडतो. या मोहाला नाक मुरडण्याचे कारण नाही. कमावलेला पैसा कशावर खर्चावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रश्न एवढाच आहे, की तो जे विकत घेतो आहे ते नेमके काय आहे, हे त्याला कळण्याची सोय आपण ठेवली आहे काय?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली या प्रश्नावर एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेल पारितोषिकामागे मुख्यतः तोच होता. अमेरिकेत खोडीच्या मोटारीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. त्यांचा युक्तिवाद साध्या उदाहरणाने सांगता येईल. चांगल्या जुन्या गाडीची खरी किंमत दहा लाख आणि खोडीच्या गाडीची सहा लाख आहे, असे समजू. खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा मधला, आठ लाखांचा भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक ती विकत नाही, खोडीवाला आनंदाने विकतो. बाजारात खोडीच्याच गाड्या वाढतात, भाव आणखी घसरतो आणि उरलेसुरले सचोटीचे विक्रेतेही दूर होतात. अप्रामाणिकपणाचा दंड येथे प्रामाणिक माणूस भरतो.

शौकाची किंमत

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही अडचण दुणावते. अशी गाडी संथपणे चालविण्यासाठी कोणी घेत नाही. क्लच, टायर, ब्रेक आणि इंजिन यांनी सोसलेला ताण रंगरंगोटीखाली सहज झाकला जातो. दुसरे असे, की गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार चार वर्षे उलटलेल्या गाडीचे मूल्य निम्म्यावर येते. मोडलेला भाग मात्र नव्या गाडीच्याच दराने घ्यावा लागतो. घेताना अर्ध्या किमतीची वाटणारी गाडी पोसताना पूर्ण किमतीची असते. शिवाय जमिनीलगत बसणारी ही गाडी गतिरोधकांवर पोट घासते, आणि तिचा जाणता कारागीर शोधायचा तर भंडाऱ्याकडून निदान नागपूर तरी गाठावे लागते.

देशी बनावटीच्या गाड्यांचा अनुभवही बोधप्रद आहे. गोव्याच्या सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास रेनॉ इंजिनाची 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी गाडी काढली, ती फार काळ टिकली नाही. २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात 'डीसी अवंती' झळकली. २०२० च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी या गाड्यांच्या संदर्भात गुन्हा नोंदविला. एकाच चेसिस क्रमांकावर एकाहून अधिक ठिकाणी नोंदणी झाल्याचा आरोप त्यात होता. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु चेसिस क्रमांकाबद्दलच जेथे शंका निघू शकते, तेथे सामान्य ग्राहकाने कशावर विसंबावे?

कायदा आणि त्यातील पोकळी

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार विक्रेत्याने मालकीबदलाची सूचना चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत द्यावयाची असते. सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० दलालाच्या हाती ठेवून मोकळे होण्याची रीत मात्र सर्रास दिसते. ती किती महागात पडू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने स्पष्ट केले. २००७ साली विकलेली एक गाडी अनेक हातांतून फिरली, २००९ साली तिचा अपघात झाला, आणि नोंदणीत नाव तसेच राहिलेल्या मूळ मालकावर भरपाईची जबाबदारी आली. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्र सक्तीचे करणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, हे योग्यच झाले.

करधोरण मात्र उलट दिशेने ओढते. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के कर ठरविला. आधी लहान गाड्यांवर तो १२ टक्के होता. दोन खासगी व्यक्तींतील व्यवहाराला कर नाही. म्हणजे जेथे पावती मिळते आणि ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार असतो तो मार्ग महाग, आणि जेथे खरेदीदाराने स्वतःच सावध राहावयाचे असते तो मार्ग स्वस्त. कराने माणसाला अंधाऱ्या वाटेकडे ढकलू नये.

मोठी पोकळी आहे ती गाडी किती किलोमीटर धावली या आकड्याची. तो मागे फिरविणे अवघड नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून दुरुस्तीघरांना हा आकडा मध्यवर्ती नोंदीत कळवावा लागतो, आणि विक्रीच्या वेळी त्याचे प्रमाणपत्र दिले नाही तर खरेदीदार व्यवहार रद्द करून मागू शकतो. आपल्याकडे प्रदूषण तपासणी आणि विमा नूतनीकरण या दोन्ही पायऱ्या आहेतच. त्या प्रत्येक वेळी आकडा नोंदवून तो शासनाच्या 'वाहन' संकेतस्थळावर खुला केला, तर फारसा खर्च न वाढवता मोटारींना त्यांचा 'सिल्क मार्क' मिळेल.

तोपर्यंत खरेदीदाराने आपली पारख आपणच करावी. 'वाहन'वर मालकांची संख्या, कर्जाचा बोजा आणि विमा पाहावा. चेसिस व इंजिनाचे क्रमांक कागदाशी स्वतः ताडावेत. विम्याच्या दाव्यांची आणि दुरुस्तीची जुनी बिले मागावीत. आपल्या ओळखीच्या कारागिराकडून गाडी उचलून खालून तपासून घ्यावी. गाडी परराज्यातील असेल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि येथे भरावा लागणारा कर आधीच हिशेबात धरावा. आणि नाव बदलल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. तपासणीला नकार देणारा विक्रेता त्या नकारातूनच बरेच काही सांगत असतो.

मात्र सगळी सावधगिरी एकट्या ग्राहकावर लादून शासनाला मोकळे होता येणार नाही. कोशाच्या एका साडीला शुद्धतेची खूण देणाऱ्या देशात, कुटुंबाची अनेक वर्षांची बचत गिळणाऱ्या मोटारीला ती नसावी, याचे समर्थन कोणत्याही अर्थशास्त्राने करता येणार नाही.