घर जुलैत दाखवा

मध्यमवर्गीय मराठी माणूस दोन प्रसंगी तज्ज्ञ होतो. एकदा क्रिकेटची टेस्ट चालू असताना आणि एकदा शेजाऱ्याने घर विकायला काढल्यावर. पहिल्या तज्ज्ञपणाने कुणाचं काही बिघडत नाही. फलंदाजाला आपला सल्ला ऐकूच जात नाही. दुसऱ्याचं तसं नाही. शेजारी जिन्यातच गाठ पडतो आणि त्याला म्हणायचं एकच असतं : "थांबा हो! एवढ्यात विकू नका."

का थांबायचं? पितृपक्ष संपू दे. मग दसरा होऊ दे. मग पाडवा येऊ दे. मेट्रोचे खांब उभे राहू देत. खांब उभे राहिले, तर वरून गाडी धावू दे. निवडणुका होऊ देत. हा जो थांबा-पंथ आहे, त्याच्यावर माझा जुना राग आहे. बँकेत कारकुनी करतो, त्यातली नऊ वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर काढली. थांबून थांबून मग धावत आलेली माणसं टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत रोज बघतो, म्हणून हा राग.

बी. कॉम.ला आम्हांला पहिल्या वर्षी एकच गोष्ट घोकून घेऊन शिकवली : प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असते. थांबा-पंथाचा हिशेब नेमका एकाच बाजूचा असतो. समजा, तुमचं दोन खोल्यांचं घर आज ६० लाखांना जातंय आणि तुम्हांला घ्यायचंय ते तीन खोल्यांचं ९० लाखांना आहे. पदरचे घालायचे ३० लाख. तुम्ही थांबलात. देव पावला, मेट्रो धावली, बाजार २० टक्क्यांनी चढला. तुमचं घर ७२ लाखांचं झालं! पेढे वाटा. पण वाटता वाटता पलीकडच्या घराकडेही एक नजर टाका. ते १०८ लाखांवर गेलंय. पदरचे आता ३६ लाख घालायचे. म्हणजे भाव वाढल्याच्या आनंदात सहा लाखांचा खड्डा. उलट बाजार १० टक्क्यांनी पडला असता, तर ५४ आणि ८१, फरक २७ लाख. मोठं घर घेणाऱ्याने खरं म्हणजे मंदीसाठी नवस बोलायला हवा. पण मंदी आली की हाच गृहस्थ काळजीने जेवत नाही आणि तेजी आली की दोन घास जास्त खातो. ज्याला मोठं घर विकून लहान घ्यायचंय किंवा सगळंच विकून मुलाकडे जायचंय, त्याचं गणित वेगळं. त्याने खुशाल थांबावं. बाकीच्यांनी कसली वाट बघायची?

बरं, वाट बघून वेळ साधते म्हणावं, तर ती साधलेली कुणी पाहिली आहे? मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवर आणला. तो दोन वर्षं तिथेच बसला. मग मे २०२२ पासून चढत चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. २०२५ मध्ये पुन्हा उतरू लागला. वीस वर्षांच्या मुदतीचं ५० लाखांचं कर्ज ७ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता ३८,७६५ रुपये आणि साडेनऊ टक्क्यांनी घेतलं, तर ४६,६०७. महिन्याला पावणेआठ हजारांहून अधिक फरक! आम्ही साक्षात बँकेत बसून असतो, आम्हांलाही आधी कळलं नाही. सोसायटीच्या बाकावर कसं कळणार? सप्टेंबर ते डिसेंबर २०२० राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली, पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची. तीही बाकावरून आधी कुणाला दिसली नव्हती. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने घरविक्रीच्या नफ्यावरचा कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि महागाईची वजावट काढून घेतली. ऑगस्टमध्ये, आधी घेतलेल्या घरांना जुन्या २० टक्क्यांचा पर्याय परत दिला. मधल्या दोन आठवड्यांत आमच्या शाखेत जेवढी माणसं तोंडं उतरवून येऊन गेली, तेवढी नोटाबंदीनंतर मी पाहिली नव्हती. आणि हा कर वाचवायचा, तर नवं घर विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं, बांधायचं तर तीन. म्हणजे विकून झाल्यावर भाव पडायची वाट बघतो म्हणाल, तर सरकारने तिथे घड्याळ लावून ठेवलंय.

थांबा-पंथाला एक जुळा भाऊ आहे : रंगवा-पंथ. घर विकायचं ठरलं की पहिला फोन रंगाऱ्याला. ज्या घरात स्वतः राहताना अठरा वर्षं भिंतीला ब्रश लागला नाही, तिथे दुसऱ्याला द्यायच्या आधी लांबी भरून घासून तीन हात! हॉलमध्ये फॉल्स सीलिंग, त्यात पिवळे दिवे. बँकेचा व्हॅल्युअर येतो, क्षेत्रफळ मोजतो, इमारतीचं वय लिहितो आणि जातो. त्याच्या फॉर्ममध्ये झुंबराचा रकाना नाही.

एका गृहस्थांनी असाच दीड लाखाचा साज चढवला. गिऱ्हाईक खूश, टोकन दिलं, प्रकरण माझ्या टेबलावर आलं. बघतो तर फ्लॅट अजून वडिलांच्या नावावर. वडील जाऊन अकरा वर्षं झालेली. म्हणाले, "अहो, नॉमिनी मीच आहे ना." साहेब, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नव्हतं, तेव्हा बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. बहीण नागपुरात. ती फोनवर एवढंच म्हणाली, "दादा, रंग कुठला लावायचा ते वहिनीला विचारलंस. घर विकू का, ते मला नाही विचारलंस." गिऱ्हाईक चार महिने थांबलं आणि गेलं. बहिणीचं काय चुकलं, मला अजून समजलेलं नाही. रंगाऱ्याच्या आधी तिला फोन केला असता, तर तो खर्च दहा रुपयांचाही नव्हता. मूळ करारनामा, इंडेक्स टू, भाग दाखला, जुनं कर्ज फिटल्याचा दाखला, टॅक्सची पावती : घर विकायला काढायचं म्हणजे आधी हे कपाट उघडायचं. (सोसायटीचं हस्तांतर शुल्कही आधीच विचारून ठेवावं. राज्य सरकारने २००१ साली त्याला २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. वर 'ऐच्छिक' देणगीचा विषय निघाला, की ती कुणाच्या इच्छेने, एवढं नम्रपणे विचारावं.)

पण रंगवा-पंथावरचा माझा खरा राग दीड लाखांसाठी नाही. ज्याचे त्याचे पैसे. राग आहे तो रंगाखाली काय असतं त्याचा. बाथरूमचा नहाणी ट्रॅप गळतोय, पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला पोपडे आलेत, गच्चीचा कोबा फुटलाय, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तो दुरुस्त करायला पैसे पडतात, झाकायला कमी पडतात. आणि मग एजंट सल्ला देतो, "साहेब, मे महिन्यात दाखवू." हा मात्र मुहूर्त अचूक बरं का! मे महिन्यात पुण्यात भिंत काय, माणूससुद्धा कोरडा ठणठणीत असतो. व्यवहार पावसाच्या आत आटोपायचा. जूनच्या अखेरीला ओल बाहेर येते, तेव्हा त्या खोलीत दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. त्या बाळाच्या बापाचा हप्ता माझ्या लेजरला दर महिन्याच्या पाच तारखेला पडतो. सप्टेंबरमध्ये तो पुन्हा येतो : "वॉटरप्रूफिंगसाठी टॉप-अप मिळेल का?"

याला व्यवहारचातुर्य म्हणतात. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काय म्हणतो? जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही आणि साध्या काळजीने त्याला दिसणारही नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक. इंग्रज गेला, कायदा राहिला, तो वाचणारा मात्र गेला.

म्हणून मी ओळखीतल्या प्रत्येक विकणाऱ्याला सांगतो, घर जुलैत दाखवा. नळ, ट्रॅप, कोबा आधी करून घ्या, रंग राहिला तर राहू दे. भर पावसात जे घर कोरडं दिसतं, त्याला गिऱ्हाईक घासाघीस करताना जरा दबकतं. आणि घेणाऱ्याला सांगतो, छत्री घेऊन जा. चहा नको म्हणू नका, म्हणजे बसायला वेळ मिळतो. मग यजमानांना म्हणा, "ते बेडरूममधलं कपाट जरा पुढे ओढता येईल का?" ओढलं, तर बघून या. "फार जड आहे हो" असं दोघा नवरा-बायकोंनी एकदम म्हटलं, तर चहा संपवा आणि छत्री उचला.