'इन कॅमेरा' म्हणजे कॅमेऱ्यासमोर नव्हे!



जून उजाडला की शाळेच्या कार्यालयात एकच मागणी असते, "बोनाफाईड पाहिजे." शिष्यवृत्तीला बोनाफाईड, बसच्या पासला बोनाफाईड. हा शब्द मूळचा लॅटिन. 'बोना' म्हणजे चांगला आणि 'फिडे' म्हणजे विश्वासाने. हा विद्यार्थी खरोखरच आमच्या शाळेत शिकतो, असं शाळा विश्वासाने सांगते, एवढंच त्या कागदाचं काम. पण हा अर्थ आपण मुलांना कधी सांगतो का? शब्द रोजचा झाला की तो कळलाच आहे असं आपण धरून चालतो.

बोनाफाईडचा अर्थ नाही कळला तरी दाखला मिळतोच. काही शब्दांच्या बाबतीत मात्र न कळणं महागात पडतं. वर्तमानपत्रात आपण 'इन कॅमेरा सुनावणी' असं वाचतो. अनेकांना वाटतं, कॅमेरा लावून चित्रीकरण होणार. खरा अर्थ अगदी उलटा आहे. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली. इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत, बाहेरच्या लोकांना येऊ न देता. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात, म्हणजे २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, कलम ३७ नुसार खटला इन कॅमेरा आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असताना चालवायचा असतो. ही तरतूद मुलाच्या संरक्षणासाठी आहे. पण एखाद्या आईने 'कॅमेरा' हा शब्द ऐकूनच धसका घेतला आणि तक्रार करायला ती पुढे आली नाही तर? एका शब्दाने घाबरून न्यायाचं दार बंद व्हायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे, की अर्थ सांगितल्याशिवाय असा शब्द किंवा लघुरूप मुलांना देऊ नये. आणि पालकांना जाणाऱ्या कागदात तर साधी मराठीच वापरावी.

इंग्रजीतली 'ई.जी.' आणि 'आय.ई.' ही लघुरूपं बघा. पहिलं 'एक्झेम्प्ली ग्राशिया', म्हणजे उदाहरणार्थ. दुसरं 'इड एस्ट', म्हणजे 'म्हणजेच'. सूचनेत 'ओळखपत्र, उदा. रेशनकार्ड' असं लिहिलं तर दुसरं ओळखपत्रही चालेल. 'ओळखपत्र, म्हणजेच रेशनकार्ड' लिहिलं तर फक्त रेशनकार्डच. या दोन शब्दांच्या गल्लतीने एखाद्या पालकाचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी वाया जाऊ शकते. 'इत्यादी'चंही तसंच. 'वह्या, सहल इत्यादी खर्च' असं लिहिलं की त्या इत्यादीत काय काय येतं, हे पालकांना कसं कळणार? तिथे पूर्ण यादीच द्यावी.

काही जण म्हणतील, प्राथमिकच्या मुलांवर हे ओझं कशाला? पण मुलं ही लघुरूपं आधीच वापरतात. घड्याळाच्या पाठात 'ए.एम.' आणि 'पी.एम.' येतातच. 'आन्टे मेरिडिएम' म्हणजे मध्यान्हाच्या आधी, 'पोस्ट मेरिडिएम' म्हणजे मध्यान्हानंतर. सूर्य डोक्यावर येण्याशी हे जोडून दिलं की पाठांतर करावंच लागत नाही. हाच 'पोस्ट' पत्राच्या शेवटी 'पी.एस.'मध्ये येतो. 'पोस्ट स्क्रिप्टम', लिहून झाल्यावरचं. आपलं 'ता. क.' तेच काम करतं. 'सा. न. वि. वि.' लिहिणाऱ्या मराठीला लघुरूपं काही नवीन नाहीत.

वही तपासतानाही हे जमतं. मुद्रितशोधक एखादा शब्द खोडतात आणि नंतर तोच बरोबर वाटला तर त्याखाली टिंबं देऊन 'स्टेट' लिहितात. याचा राज्याशी संबंध नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'राहू दे'. राहिलेला शब्द घालण्यासाठी आपण जे काकपद देतो, त्याला इंग्रजीत 'कॅरेट' म्हणतात. त्याचा अर्थ 'इथे कमी आहे'. पाचवीच्या मुलांना एकमेकांचं शुद्धलेखन अशा खुणांनी तपासायला द्या, आवडीने करतात.

मग लॅटिन काढूनच टाकावं का? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ पासून लागू झालेल्या दिवाणी नियमांत 'एक्स पार्टे'ऐवजी 'नोटीस न देता' अशा अर्थाचे साधे शब्द आले. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये 'ई.जी.', 'आय.ई.' टाळायचं ठरवलं, कारण अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअर त्यांचा चुकीचा उच्चार करत. आपल्या वर्गातल्या दृष्टिहीन मुलांसाठी हा विचार आपणही करायला हवा.

पण सगळं काढता येणार नाही. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३२ मध्येच 'हेबियस कॉर्पस' आहे. कोणाला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर त्याला आमच्यासमोर हजर करा, असा तो न्यायालयाचा आदेश. मराठीत याला 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणतात. आता सांगा, यातला कोणता शब्द मुलांना सोपा वाटेल? लॅटिन काढून जड संस्कृत घातलं की काम झालं असं नाही. 'माणूस हजर करा' हे सांगितल्यावरच मूल मान डोलावतं. याउलट 'एकतर्फी निकाल' हा शब्द बघा, ऐकताक्षणी कळतो.

येत्या पालकसभेआधी आपल्या शाळेच्या सूचना, अर्ज, शुल्काची पावती एकदा वाचून बघा. ज्या शब्दाचा अर्थ चौथीतल्या मुलाला सांगता येत नाही, त्याखाली रेघ ओढा. शब्द बदलता आला तर बदला. नाही बदलता आला तर शेजारी एक ओळ मराठीत लिहा.