वाताची गोळी आणि मूत्रपिंड

आषाढ लागला की भोर-वेल्ह्याकडे भातलावणीची घाई सुरू होते. (वेल्ह्याचं नाव राजगड करायचं सरकारनं २०२४ साली ठरवलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच.) या दिवसांत बचत गटाच्या बैठकीला येणाऱ्या निम्म्या बायकांच्या कनवटीला गोळ्यांची पट्टी असते. 'वाताची गोळी' म्हणतात तिला. चिठ्ठी लागत नाही, कुणी विचारतही नाही.

पण मैत्रिणींनो, सगळीच दुखणी कामाची नसतात. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली, दोन्ही हातांचे सांधे सुजलेले, भाकरी थापता येईना, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर तो आमवात असू शकतो. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पट जास्त होतो. घरात मात्र 'वय झालं' म्हटलं की विषय संपतो. वय कसलं, चाळिशीतल्या बायका असतात या!

हा आजार सांध्यांपुरता राहत नाही. वर्षानुवर्षं सूज आटोक्यात आली नाही, तर अ‍ॅमिलॉइड नावाचं प्रथिन मूत्रपिंडात साठू शकतं. हे क्वचित होतं. नेहमीचा घात गोळीचाच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं. धडधाकट माणसाला चार दिवसांत सहसा बाधत नाही. पण लावणीत आपण काय करतो? शेतात आडोसा नाही, म्हणून लघवीला जावं लागू नये यासाठी दिवसभर तहान मारतो, आणि सुकलेल्या अंगात वर ती गोळी. बीपी, साखर असेल तर धोका आणखी वाढतो. मूत्रपिंड दुखत नाही, त्यामुळे कळतं ते फार उशिरा.

गिधाडं का संपली, आठवतं? डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण वर्षानुवर्षं रोज गोळी खायची म्हणजे काय?

आमवातावर खरे उपचार आहेत. मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नव्हे. ते मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, म्हणून अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासावी लागतात. ते आपल्या मनानं बंद करू नये. आणि बिनलेबलच्या पुड्या तर नकोतच. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

पुण्याला तपासणीला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, ठाऊक आहे मला. निदान जवळच्या सरकारी दवाखान्यात गेल्यावर 'माझी किडनी तपासा' एवढं म्हणा, आणि रोज कोणती गोळी घेता ती पट्टी दाखवा.

शेताच्या बांधावर चार बांबू आणि जुन्या साडीचा आडोसा उभारायला तासभर पुरतो. लावणीच्या पहिल्या दिवशी आधी ते काम, असं आमच्या गटानं ठरवलंय.