वही ज्याची, सत्यही त्याचेंच काय?

“यंत्र खोटें बोलत नाहीं,” हें वाक्य अलीकडे इतक्या प्रतिष्ठेनें उच्चारलें जातें कीं, त्यावर शंका घेणारा माणूस अडाणीच ठरावा! आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्रानें दिलेल्या उत्तराचें कारण ज्यास विचारतां येत नाहीं, त्यानें त्या उत्तरावर विश्वास कां ठेवावा?

इंग्लंडांतील पोस्टाचें ‘होरायझन’ प्रकरण पाहा. १९९९ पासून तेथील पोस्ट ऑफिसनें आपल्या शाखांचे हिशेब या संगणकप्रणालीकडे सोंपविले. ती पुढें फुजित्सू कंपनी चालवीत असे. लौकरच गांवोगांवच्या शाखाचालकांच्या नांवें तुटी निघूं लागल्या. तूट भरून देण्याचें ओझें त्यांच्यावर. पण ती कोठून उत्पन्न झाली हें शोधण्याचें साधन मात्र त्यांच्या हातीं नाहीं. विचारणा करावी, तर अशी अडचण तुम्हां एकट्यासच आहे, असें उत्तर कित्येकांस मिळालें. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कोणी तुरुंगांत गेले, कोणाचें दिवाळें वाजलें, कांहींनीं आत्महत्या केली. अखेर डिसेंबर २०१९ मध्यें लंडनच्या हायकोर्टानें निर्णय दिला कीं, प्रणालींत दोष होते आणि शाखाचालकाच्या नकळत त्याच्या हिशेबांत दुरून फेरफार करणें शक्य होतें. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षें हीच गोष्ट नाकारीत आलें होतें! २०२४ सालीं पार्लमेंटला खास कायदा करून शेंकडों शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

संगणक नीट चालत होता हें दाखविण्याची १९८४ च्या कायद्यांतील अट इंग्लंडनें १९९९ च्या कायद्यानें काढून टाकली होती. म्हणजे यंत्रास निर्दोष मानावयाचें आणि माणसानें आपलें निर्दोषत्व सिद्ध करावयाचें, असा हा उफराटा न्याय!

यावर प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं, प्रणालीची रचना हें धंद्याचें गुपित आहे; शिवाय तें उघडें केलें तरी सामान्य माणसास काय कळणार? हा युक्तिवाद आमच्या वाचकांस नवा वाटूं नये. सावकाराची वही कुळास वाचतां येत नसे, म्हणून ती त्यास दाखविण्याचें कारण नव्हतें काय? १८७५ सालीं सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनीं कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें ऋणकोस पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. ऋणको साक्षर आहे कीं नाहीं, हें पाहून तो हक्क दिलेला नव्हता. त्यास वाचतां येत नसेल, तर त्याच्या वतीनें दुसरा कोणी वाचील. परंतु वाचावयास कागद तर हवा!

तोच न्याय येथें लावावा. प्रत्येक नोंद कोणीं, केव्हां व कोणत्या कारणानें केली वा बदलली, हें ज्याच्या नांवावर ती पडते त्यास दिसलें पाहिजे. ठाऊक असलेल्या दोषांची यादी वापरणारापासून लपवितां कामा नये. आणि वाद उपस्थित झाल्यास स्वतंत्र तज्ज्ञास प्रणाली तपासण्याची मोकळीक असावी. या गोष्टी प्रणाली रचतांनाच तींत घालावयाच्या असतात. माणसें तुरुंगांत गेल्यावर नव्हे. ज्या रचनाकारांस हें जड वाटतें, त्यांनीं लोकांचे हिशेब हातीं घेऊं नयेत.