हौसेला मोल असते

आमच्या सूर्यमाळला म्हातारी माणसे मोटारसायकलला अजूनही ‘फटफटी’च म्हणतात. शब्द जुना आहे, पण ज्या कोणी तो घडवला त्याचे कान शाबूत होते. गाडी पाहण्याआधी ती ऐकू येत असे, म्हणून आवाजावरूनच तिचे बारसे झाले. पुढे गाड्या सुधारल्या, आवाज मऊ झाला. आणि आता आम्ही नव्या पिढीची पोरे पदरचे तीन-तीन हजार रुपये मोजून तिला पुन्हा फटफटी करू लागलो आहोत.

‘पदरचे’ हा शब्द मी सहज लिहिला नाही. त्या तीन हजारांत 1,200 रुपये माझे होते, आणि ते शिष्यवृत्तीचे होते. हे प्राध्यापक मंडळींना वाचून वाईट वाटेल, परंतु एवढे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

हकिकत अशी. माझा थोरला भाऊ नववीत शाळा सोडून बाबरोबर वीटभट्टीवर गेला. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरे कुलूप लावून भिवंडी-वसईकडे जातात, हे मोखाडा-जव्हारच्या वाचकांना सांगायला नको. पुढे त्याला एका कंपनीत काम लागले आणि त्याने कर्ज काढून 150 सीसीची जुनी गाडी घेतली. आमच्या घरातली ती पहिली यंत्रवस्तू. बाने तिला नारळ फोडला, आईने हळद-कुंकू लावले. 2024 च्या दिवाळीत दादाने तिला नवा सायलेन्सर बसवायचे ठरवले, तेव्हा माझ्या खात्यात पैसे नुकतेच जमा झाले होते. ज्याने माझ्या शिक्षणासाठी विटा वाहिल्या त्याला नाही कसे म्हणायचे? आणि खरे सांगायचे तर मलाही तो आवाज हवा होता. बसवून आलो त्या संध्याकाळी घाट चढताना मी मागे बसलो होतो. कडा आवाज परत फेकत होता. पोटात गुदगुल्या होत होत्या. आम्ही दोघे भाऊ त्या दिवशी कुणीतरी होतो.

ही हौस आमच्याकडे आली कोठून? पावसाळ्यात जव्हारला, दाभोशाला, आमच्या माळावर धुके पाहायला मुंबई-ठाणे-नाशिकची मंडळी येतात. त्यांच्या गाड्या डोंगराआडूनच गर्जत येतात. त्यांतल्या काहींवरचा एक्झॉस्ट परदेशी असतो. स्लोव्हेनिया नावाच्या छोट्या देशात अक्रापोविच नावाची कंपनी आहे, तिचा माल जगभर जातो आणि त्याच्या एका नळीच्या किमतीत आमच्याकडे नवी मोटारसायकल येईल. आमची पोरे रस्त्याच्या कडेला उभी राहून ते ऐकतात आणि मग तालुक्याच्या किंवा शहराच्या दुकानात जाऊन ‘इंदोरी’, ‘डॉल्फिन’ असल्या नावाचा दोन-चार हजारांचा माल घेतात. त्या महाग नळीत निदान काही विद्या असते. आमच्या नळीत बहुधा नुसती पोकळी असते.

मुळात सायलेन्सर आतून कसा असतो हे मी गॅरेजवाल्याकडे कापलेला तुकडा पाहून शिकलो. इंजिनात दर स्फोटानंतर तापलेला वायू धक्क्याने बाहेर येतो, तो धक्का म्हणजेच आवाज. सायलेन्सरमध्ये कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात. ध्वनीच्या लाटा त्यांत आपटून उलट फिरतात आणि एकमेकींना मारतात. उरलेले काम काचलोकर करते. गंमत अशी, की हिराम मॅक्झिम नावाच्या गृहस्थाने मशीनगन शोधून जगाचे कान बधिर केले आणि त्याच्याच मुलाने, हिराम पर्सी मॅक्झिमने, बंदुकीचा आवाज दाबणारी नळी काढून 1909 साली तिचे पेटंट घेतले. तेच तत्त्व त्याने इंजिनाच्या सायलेन्सरलाही लावले. बापाचे मुलाने निस्तरावे अशी ही एकच गोष्ट मला इतिहासात सापडली. आमच्याकडे क्रम उलटा आहे.

शिवाय 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम आले. आता त्या नळीत जाळीदार ठोकळा असतो. त्याला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो, आणि विषारी वायू त्यातून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात. आम्ही हा ठोकळा मूळ सायलेन्सरसकट काढून टाकतो. गॅरेजवाला म्हणतो, “हा जुना घरी नेऊन काय करणार? सहाशे घे.” आम्ही खुशीने सहाशे घेतो. त्या धातूंची किंमत त्याला ठाऊक असते. अडाणी कोण ते वाचकांनीच ठरवावे.

आता कायदा. 80 ते 175 सीसीच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा 77 डेसिबल आहे, त्यावरच्या गाडीला 80. आकडे जवळजवळ दिसतात, पण डेसिबलचे गणित आपल्या बेरजेसारखे नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. 100 डेसिबलचा आवाज सतत ऐकायचा तर पंधरा मिनिटांतच कानाची दिवसभराची सोसण्याची ताकद संपते, असे या विषयातले जाणकार मानतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत रात्री 45 डेसिबलच्या वर आवाज नको, आणि शाळा-कॉलेज व इस्पितळाभोवती 100 मीटर शांतता हवी. आपल्या कॉलेजच्या फाटकासमोर दुपारी काय चालते ते सर्वांना माहीत आहे. मराठीचा तास चालू असताना सर वाक्य अर्धे सोडतात, गाडी जाऊ देतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सायलेन्सर टाळून धूर सोडणाऱ्या गाडीला पहिल्यांदा 1,000 आणि पुन्हा सापडल्यास 2,000 रुपये दंड आहे. ध्वनी व हवेच्या मर्यादा मोडल्या तर 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला, त्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रात पाहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मते टाळ्या थोड्या लवकर वाजल्या. चेंगरला तो पोराचा सायलेन्सर. ज्या दुकानात तो काचेमागे टांगून उघड विकला जातो ते दुकान दुसऱ्या दिवशीही उघडेच असते. दंड पहिल्यांदा तिथे व्हावा, मग आमच्याकडे यावे.

पण आमच्याकडे यावे जरूर, कारण आमची कथा इथेच संपत नाही.

2025 च्या जुलैत दादा कंपनीच्या कामाने एका शहरात गेला आणि तिथे अडवला गेला. दंड 1,000. त्याबद्दल तक्रार नाही. सायलेन्सर तिथेच काढून घेतला, आणि कंपनीचा मूळ सायलेन्सर आणून बसवा व गाडी न्या, असे सांगितले. मूळ सायलेन्सर तर आम्ही सहाशेला देऊन बसलो होतो. नवा आणायला गेलो तेव्हा किंमत ऐकली 7,400. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. पैसे जमेपर्यंत गाडी दहा दिवस आवारात पावसात उभी राहिली.

त्या दहा दिवसांतल्या सातव्या दिवशी, आवणीच्या ऐन घाईत, माझ्या चुलत बहिणीला बांधावर साप चावला.

आमच्या पाड्यावर रुग्णवाहिका पोहोचत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. पाड्यावरची मोटारसायकल ही आमची रुग्णवाहिका. तीच रेशनचे पोते आणते, एप्रिल-मेमध्ये पाण्याचे कॅन वाहते, बाळंतिणीला दोघांच्या मध्ये धरून खोडाळ्याला नेते. ती नसेल तेव्हा झोळी. त्या दिवशी झोळीच झाली. चुलता आणि तीन जण तिला खांद्यावर घेऊन चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आले, तिथे जीप मिळायला आणखी वेळ गेला. पोरगी वाचली. पाय अजून सुजतो आणि लावणीला उभे राहवत नाही. सायलेन्सरमुळे असे झाले असे मी म्हणत नाही. साप सायलेन्सर पाहून चावत नाही, आणि रस्ता नाही हा दोष सायलेन्सरचा नाही. पण गाडी घरी असती तर ती दीड तास आधी दवाखान्यात पोहोचली असती, एवढे मला घड्याळ लावून सांगता येते. दादाने त्या दिवसापासून या विषयावर एक शब्द काढलेला नाही.

मी वहीत हिशेब मांडला. सायलेन्सर बसवणुकीसह 3,200, त्यातून जुन्याचे आलेले 600 वजा, दंड 1,000, नवा 7,400. एकूण 11,000 रुपये. शहराच्या फेऱ्या आणि बुडालेला रोज धरलेला नाही. सायलेन्सर घेतला त्या 2024-25 साली रोजगार हमीचा दर 297 रुपये होता. म्हणजे सदतीस दिवस उन्हात खड्डे खणावेत तेव्हा ही रक्कम होते. ‘हौसेला मोल नसते’ असे आई म्हणाली. बाने फक्त वही हातात घेतली. त्याला आकडे वाचता येतात, अक्षरे येत नाहीत.

कोणी म्हणेल, आदिवासी माणसाला आवाजाचे एवढे वावडे कधीपासून? बोहाड्याला रात्रभर संबळ-सनई वाजते, सुगीला तारपा वाजतो, तेव्हा झोप मोडत नाही का? मोडते. पण त्या रात्री सगळा गाव जागाच असतो, सोंगे पाहायला पाचही पाड्यांची माणसे आपण होऊन आलेली असतात, आणि बोहाडा संपला की पुढच्या वर्षापर्यंत गाव शांत असतो. तारपा कोणत्या पाड्यावर वाजतोय हे आजी अंथरुणावर पडून सांगते. माळावरच्या शांततेत एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीला हाळी घालता येते. गुराखी अजून असेच बोलतात. दादाची गाडी घाट चढू लागली की हाळी ऐकू येत नसे. बैल दावे तोडत. आजी मात्र कधी रागावली नाही. ती म्हणे, “आला माझा नातू.” तिच्या या एका वाक्यामुळे आम्हाला किती तरी दिवस काही चुकते आहे असे वाटलेच नाही.

आणि यातले एक सांगितले नाही तर लेख खोटा होईल. शहरात आम्ही बोलतो तेव्हा आमची बोली ऐकून माणसे हसतात. कचेरीत बाला तासन् तास कोणी विचारत नाही. गाडीचा आवाज मात्र सर्वांना मान वळवून ऐकावाच लागतो. ज्या पोराला आयुष्यात कोणी ऐकून घेतले नाही त्याला तीन हजारांत ही सोय मिळते, हे ज्यांना समजत नाही त्यांनी आम्हाला शिस्तीचे व्याख्यान देऊ नये. अडचण एवढीच, की ज्यांनी आमचे ऐकावे ती माणसे दूर शहरात काचा लावून बसलेली असतात, आणि आवाज सोसतात ती आजी, बैल आणि वर्गातले सर.

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाने, म्हणजे साप चावलेल्या त्या बहिणीच्याच धाकट्या भावाने, जुनी गाडी घेतली. तो दर शनिवारी मला विचारतो, “दादा, यंदा शिष्यवृत्ती जमा झाली का?” कशासाठी ते मला ठाऊक आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. त्याने आठवीत शाळा सोडली, वाचनाचा त्याला कंटाळा आहे. म्हणून अंक हातात आला की हा लेख मीच त्याला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, बहिणीसमोर.